वार लावून

घर बदलणें ही गोष्ट आपल्या लोकांच्या अंगवळणीं कधींच पडली नाहीं. सरकारी नोकरींतील मंडळी बदलीच्या गांवीं बिऱ्हाड हालवीत असत हें खरें. परंतु तें बिऱ्हाड, घर नव्हे. चार ट्रंका, दोन वळकट्या, एक पाटा-वरवंटा आणि देवांचा डबा एवढ्यावर तें उठे आणि तेवढ्यावरच नव्या गांवीं बसे. घर म्हणून जें कांहीं असे तें मागें, वडीलधारीं माणसें असत तेथें, जागच्या जागीं राही. आतां पाळी आली आहे ती ह्या जागच्या घराचीच. पुण्याच्या पेठांतून एकेक वाडा उतरविला जात आहे. मातीच्या भिंती, सागवानी खांबांत शिरलेली वाळवी, १९४७ च्या कायद्यानें गोठून राहिलेलीं भाडीं आणि एका उताऱ्यावर पंधरा-पंधरा वारसांचीं नांवें, इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर वाडा उभा राहावा तरी कसा? त्याबद्दल कोणाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. नारायण पेठेंतील आमचा वाडाही ह्याच कारणांनीं उतरवावयाचें ठरलें, आणि गेल्या चैत्र-वैशाखांत तो आवरण्याचें काम मजकडे व माझ्या तीन नातवंडांकडे आलें. त्या दोन महिन्यांत जें पाहिलें आणि जें ठरलें तें इतर घरांनाही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

हें काम आम्हां चौघांकडेच कां आलें, असा प्रश्न वाचकांस पडेल. उत्तर सोपें आहे. माझे दोघे मुलगे व दोघी सुना सकाळीं नवाला घर सोडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मुलांना सुटी होती, आणि मला तर सुटीच सुटी आहे. शाळेंतून निवृत्त होऊन वीस वर्षें झालीं. थोरल्याची मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा आणि धाकट्याची मुलगी सात वर्षांची. तिघेंही एकाच माजघरांत रांगलीं, एकाच जिन्यावरून पडलीं आणि आजीच्या एकाच पांघरुणावरून भांडलीं. आपण चुलत भावंडें आहोंत हें त्यांना कोणी बाहेरच्यानें सांगितल्यावर कळलें.

आतां हीं भावंडें दोन घरीं जावयाचीं होतीं. नवी इमारत उभी राहीपर्यंत थोरल्यानें मुलांच्या शाळेसाठीं सदाशिव पेठेंत भाड्याची जागा पाहिली होती. धाकट्यानें कोथरूडला आधींच फ्लॅट घेऊन ठेवला होता. वाड्याच्या जागीं मिळेल तो फ्लॅट थोरल्याचा, आणि त्याच्या बदल्यांत धाकट्याला काय, हाही हिशेब भावांभावांत गोडीनें झाला होता. न झालेला हिशेब एकच राहिला होता, आणि तो कोणी ओठांवर आणीत नव्हतें: मी कोठें राहावयाचें?

मीही तो प्रश्न काढीत नसें. सकाळीं सहाला उठून स्नान-पूजा आटोपावी, तोंवर धाकटी नात डोळे चोळीत येऊन माझ्या पदराला तोंड पुशी आणि विचारी, "आजी, आज कुठली खोली?" मग गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट, तूप आणि लिंबाच्या लोणच्याची फोड अशी न्याहारी होई, आणि आम्ही कमरा बांधून कामाला लागत असूं. दुपारीं ऊन चढलें म्हणजे माजघरांत चटया टाकून आडवें व्हावयाचें; त्या वेळीं एक गोष्ट सांगावी लागे. संध्याकाळीं दिवा लागला कीं परवचा. पावकी-निमकी कशासाठीं म्हणावयाची असें नातवानें विचारलें, तेव्हां रुपयाचे सोळा आणे होते आणि पाव रुपया म्हणजे चार आणे हें त्याला समजाविलें. १९५७ च्या एप्रिलांत नवे पैसे आले तेव्हां पाढ्यांतला हा भाग निराधार झाला. तरीही तीं तिघें तो सुरावर म्हणतात, आणि सूर हेंही पाठ करण्याचें एक कारण असूं शकतें.

कामाला आरंभ करतांना मीं तीन ढीग ठरविले: न्यावयाचें, द्यावयाचें आणि मोडींत घालावयाचें. नातवानें पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आंखले. दुपार होते न होते तोंच त्यानें चौथा रकाना काढला व त्याला नांव दिलें, 'आजीला विचारायचें.' संध्याकाळीं मोजून पाहिलें, तों पहिल्या तीन रकान्यांत मिळून अकरा वस्तु आणि एकट्या चौथ्यांत सदतीस!

त्यांत मुलांचा दोष नव्हता. ज्या वस्तूचें नांव ठाऊक नाहीं तिचें काय करावें हें माणूस ठरवील कसें? भिंतींतलें बळद त्यांना नुसतें भोंक वाटे. शिंकें, रोवळी, घंगाळ, पंचपाळें, ठाणवई हे शब्द त्यांनीं माझ्या तोंडून ऐकले असतील, परंतु शब्द आणि वस्तु ह्यांची गांठ पडली नव्हती. तेव्हां मीं असा नियम केला कीं, प्रत्येक वस्तूचें नांव सांगावें, तिचा उपयोग सांगावा आणि जमेल तर ती एकदां वापरून पाहावी, निर्णय त्यानंतर. पितळेचीं मापें निघालीं तेव्हां नातवानें तांदळाचा डबा रिकामा करून शेरानें अधोली आणि अधोलीनें पायली भरून पाहिली. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, हें त्याला कोणी न सांगतां हातानें कळलें. मोठ्या पातेल्याला कल्हई कां लावतात हें सांगावयाला मीं उघड्या पितळेंत थोडें ताक ठेवून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं तें कळकलेलें पाहून धाकटीनें नाक दाबलें आणि पातेलें 'कल्हई करून न्यायचें' असें स्वतःच यादींत लिहविलें. अशा रीतीनें चौथा रकाना ओसरूं लागला. ओळखीच्या वस्तूबद्दल मुलें चटकन् आणि बहुधा शहाणपणानें ठरवितात असा माझा अनुभव आहे. हट्ट होतो तो अनोळखी वस्तूबद्दल, कारण तिच्यांत काय दडलें आहे हें कोणालाच ठाऊक नसतें.

जात्यानें आमचा एक सबंध दिवस घेतला. तें कोपऱ्यांत कित्येक वर्षें पडून होतें. आम्ही तें धुऊन पुसून उन्हांत वाळविलें. खालची तळी, तिच्या मध्यभागीं मेख, वरची फिरती तळी, तिचा लांकडी खुंटा आणि घास घालावयाचें तोंड, हीं सर्व नांवें तिघांनीं पाठ केलीं. मग मेतकुटाचें सामान काढलें. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि थोडे गहू खमंग भाजले. धने, जिरें, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद आणि हिंग तयार ठेविलें. थोरली नात प्रथम एकटीच बसली. दहा फेऱ्यांत तिच्या दंडाला रग लागली. मी तिच्यासमोर बसलें, खुंट्याला दुसरा हात लागला आणि जातें सुरळीत फिरूं लागलें. ती क्षणभर थांबून म्हणाली, "आजी, हें दोघींचेंच यंत्र आहे." सासूबाईंच्या समोर बसून मीं ह्याच जात्यावर पहिलें मेतकूट दळलें त्याला आतां पन्नासावर वर्षें झालीं, परंतु इतक्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला कधीं सुचली नव्हती. पीठ जाडसर निघालें, कारण टांकी लावून फार दिवस झाले होते. तरी त्या मेतकुटाला कोणीही नांवें ठेविलीं नाहींत. जातें मोडींत जाणार नाहीं हें ठरलें. तें कोथरूडला पाठवावयाचें, कारण धाकट्याचा फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि घरघर ऐकून खालून कोणी तक्रार करावयास यावयाचें नाहीं, हा तोडगा नातवाचा.

खालच्या सोप्यांतलें जड फडताळ चार माणसांनीं हालविलें, तेव्हां त्याच्यामागें भिंतीवर गढूळ रंगाची एक आडवी रेघ दिसली. "ही कोणीं काढली?" धाकटीनें विचारलें. ती पाण्यानें काढली होती. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि दुपारीं तेंही धरण फुटलें. मी त्या वेळीं चौदा वर्षांची, साताऱ्यास माहेरीं होतें. १९६९ सालीं ह्या घरांत आल्यावर सासूबाईंनीं मला जें सांगितलें तेंच मीं मुलांना सांगितलें. नदीचें पाणी गल्लींत शिरलें असें ओरडणें ऐकूं येतांच त्यांनीं देव पदरांत बांधले, धाकट्या नणंदेला कडेवर घेतलें आणि नेसत्या लुगड्यानिशीं त्या उंचावरच्या आप्तांकडे निघाल्या. तिसऱ्या दिवशीं परत आल्या तों खालच्या मजल्यावर गुडघाभर चिखल. भिंती कशा राहिल्या ह्याचेंच आश्चर्य. आसपासचीं कितीतरी घरें बसलीं होतीं. शहराचें पाणी खडकवासल्याहून येई, त्यामुळें नळ कोरडे पडले. वाड्यावाड्यांतल्या विहिरी उपसून लोकांनीं दिवस काढले. ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्यासाठीं पुढें गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आमचें एक बिऱ्हाडकरू कुटुंबही तेव्हां तिकडे गेलें.

"म्हणजे त्यांना यादी करायला वेळच मिळाला नाहीं," नातू म्हणाला. आणि थोड्या वेळानें, "पण माणसें सगळीं बरोबर नेलीं ना?" नेलीं, असें मीं सांगितलें. सासूबाईंना कोणाला कोठें न्यावयाचें हा प्रश्नच पडला नव्हता. सगळ्यांची वाट एकच होती.

माडीवरचें सामान पुरांतून वांचलें होतें. तेथें 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ह्यांचे बांधलेले अंक होते, त्यांच्याखालीं एक पत्र्याची पेटी आणि तींत सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या. १९५८ सालच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात वार एकाखालीं एक लिहिलेले थोरलीला सांपडले. सोमवार, चिपळूणचा. गुरुवार, वाईचा. शनिवार, नगरचा. बाकीचे वार कोरे. पुढें बारीक अक्षरांत टिपणें: 'वाईचा: भात अधिक लागतो.' 'नगरचा: परीक्षा, दशम्या बरोबर देणें.' "आजी, ह्या कसल्या ऑर्डरी?" असें तिनें विचारलें, आणि मला हंसूं आलें.

मग मीं त्यांना वार लावून जेवणें म्हणजे काय हें सांगितलें. पुण्यास शिकावयाला आलेला गरीब मुलगा माधुकरी मागे, नाहीं तर निरनिराळ्या घरीं वार लावून घेई. सोमवारीं एका घरीं जेवावयाचें, मंगळवारीं दुसऱ्या, असे सात वार भरले कीं त्याच्या पोटाची चिंता मिटे. कित्येक नामवंत माणसें अशीं शिकलीं. "मुलींना पण वार मिळत होते?" थोरलीनें विचारलें. नाहीं. आणि मुलांतही बहुतेक ब्राह्मणांच्याच मुलांना मिळत, हेंही मीं सांगितलें. ज्यांना अशीं दारें उघडीं नव्हतीं त्यांची सोय करण्यासाठींच शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभीं करविलीं. मुलांना जुन्या चालीरीती सांगावयाच्या तर पुऱ्या सांगाव्या. चांगली बाजू तेवढी सांगितली तर पुढें दुसरी बाजू कळल्यावर तीं आपल्या सगळ्याच गोष्टींवर अविश्वास ठेवतात.

धाकटी इतका वेळ गप्प होती. ती एकाएकीं म्हणाली, "मग आपण आजीचे पण वार लावूं या! म्हणजे आजी कोणत्या यादींत, हें काका आणि बाबा रात्रीं बोलत बसणार नाहींत."

तर रात्रीं असें बोलणें चालत होतें! मुलें खेळावयाला पळालीं आणि मी वही मांडीवर घेऊन तशीच बसून राहिलें. खरें सांगावयाचें तर ते शब्द मला लागले. ज्या घरीं मीं पन्नास वर्षें पानें वाढलीं, त्या घराच्या दोन चुलींवर आतां मीं वार लावून जेवावें? आमचे यजमान आठ वर्षांपूर्वीं गेले तेव्हांदेखील मला जें पोरकेपण वाटलें नव्हतें तें त्या दुपारीं वाटलें. मनांत आलें, पाटा-वरवंटा तरी एकाच घरीं जातो.

रात्रीं झोंप येईना म्हणून वही पुन्हां उघडली. शनिवारच्या ओळीपुढें एक टीप दुपारीं दिसली नव्हती: 'नगरचा आला नाहीं. चौकशीस पाठविलें.' एवढेंच. परंतु त्या एका ओळीनें माझ्या मनाची बैठक बदलली. वार लावलेला मुलगा दारांत आगंतुक नव्हता. त्याच्या वारीं त्याचें पान मांडलेलें असे. त्याला भात किती लागतो हें घराला ठाऊक असे. आणि तो आला नाहीं तर घर त्याची वाट पाही आणि शोधास माणूस पाठवी. ज्याचा वार ठरलेला नाहीं असा पाहुणा मात्र केव्हांही आला तरी चालतो आणि कधींच आला नाहीं तरी चालतो. मला भय वाटावयास हवें होतें तें ह्या दुसऱ्या स्थितीचें.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांना माजघरांत बसविलें आणि माझे वार वाचून दाखविले. सोमवार ते गुरुवार मी पेठेंत राहीन; शुक्रवारीं संध्याकाळीं कोथरूडला जाईन, ती सोमवारीं सकाळीं परत येईन. शनिवारची रात्र तिन्ही मुलें, मी असेन तेथेंच निजतील, आणि ह्याला परीक्षेखेरीज दुसरी सबब चालणार नाहीं. देव आणि गौरी-गणपति थोरल्याकडे. दिवाळीचें पहिलें स्नान सर्वांचें कोथरूडला. मेतकूट दोन महिन्यांतून एकदां, दोन्ही घरांनीं मिळून, जात्यावर. आणि शेवटचें कलम: माझ्या वारीं मी आलें नाहीं तर चौकशी झालीच पाहिजे.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग थोरली सून म्हणाली, "आई, आम्हांला विचारायचें होतें. पण आम्हीं 'आमच्याकडे या' म्हटलें तर ह्यांना वाटायचें, आम्ही तुम्हांला ओढतों आहों; आणि न म्हटलें तर तुम्हांला वाटायचें, नकोशा झालांत." धाकटीनें मान हालविली, तिच्याही मनांत तेंच होतें. दोन महिने एका घरांत सहा खोल्या अंतरावर राहून आम्ही तिघी एकमेकींना जपण्यापायीं गप्प बसलों होतों. नातवानें मात्र एकच दुरुस्ती सुचविली: बुधवारीं त्याची चित्रकलेची शिकवणी असते, तेव्हां त्या दिवशींचा परवचा उशिरां घ्यावा. ती मंजूर झाली.

एकत्र कुटुंबाचें कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालें आहे आणि त्याला नांवेंही पुष्कळ ठेविलीं गेलीं आहेत. मला त्यांतला एकच गुण ह्या निमित्तानें नीट कळला. एका छपराखालीं भेट मागावी लागत नाहीं. नातवंड पदराला तोंड पुसावयाला येतें तें बोलावल्यामुळें नव्हे, पदर वाटेंतच असतो म्हणून. वाडा होता तोंवर आम्हांला वार लावावे लागले नाहींत, कारण सगळेच वार सगळ्यांचे होते. छप्पर गेल्यावर प्रेम कमी होतें असें नाहीं. परंतु वाट मोडते. 'केव्हांही या, घर तुमचेंच आहे' हे शब्द अगदीं मनापासून बोललेले असले तरी त्यांवर पायवाट पडत नाहीं. पायवाट पडावयाला ठरलेल्या दिवशीं ठरलेलीं पावलें उमटावीं लागतात. भांडीं, कपाटें, अंक हें सर्व वांटून देतां येतें. सहवास वांटतां येत नाहीं, तो नेमून घ्यावा लागतो.

ज्या घरीं असा प्रसंग यावयाचा असेल त्यांना मी एवढेंच सुचवीन. सामानाची यादी मुलांच्या हातीं द्या. सुटी सत्कारणीं लागते आणि वस्तूंचीं नांवें पुढच्या पिढींत जातात. भावांभावांचे हिशेब जितक्या स्पष्टपणें करतां तितक्याच स्पष्टपणें वडील माणसाचा प्रश्न काढा, आणि तो त्याच्यासमोर काढा. त्याला काय हवें हें आपल्याला ठाऊक आहे असें समजून रात्रीं दार लोटून बोलत बसूं नका. आणि वडील माणसांनीं, कोणी विचारील म्हणून वाट पाहूं नये. आपला वार आपणच मागावा. मागण्यांत कमीपणा नाहीं.

वैशाख वद्यांत एका रविवारीं दोन टेंपो भरले आणि आम्ही निघालों. आज सहा महिने होत आले. वाड्याच्या जागीं पत्रे ठोकले आहेत. माझे वार सुरळीत चालले आहेत. शनिवारीं रात्रीं तिघांना निजविणें हें दोन महिने वाडा आवरण्यापेक्षां जड काम आहे. आषाढांत एका शुक्रवारीं पाऊस इतका लागला कीं रिक्षा मिळेना, आणि मी पेठेंतच राहिलें. साडेसातच्या आंत कोथरूडहून तीनदां फोन आला. सासूबाईंची वही आतां धाकटीकडे असते. पुढच्या शनिवारीं तींत, त्यांच्याच पानाखालीं, मोठाल्या अक्षरांत लिहिलेलें मीं पाहिलें: 'आजी शुक्रवारीं आली नाहीं. पाऊस. चौकशी केली.'